उलट्या घड्याळाचं सलून

माझ्या डोक्यावर केस म्हणून जे काही उरलंय ते दोन कानांच्या वर धरलेल्या बुरशीइतकं आहे. तरी माझा निम्मा दिवस सलूनमध्ये जातो. बायको म्हणते, "नदी आटली तरी नावाडी काठावर बसायचं सोडत नाही." माझं दुकान सलूनला लागूनच. मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचं. गिऱ्हाईक आलं की सलूनच्या बाकावरूनच मी आवाज देतो, "आलोच, ठेवा तिथे," आणि येत नाही.

सलूनवाला बरोबर माझ्या उलट. केस कापणारा माणूस म्हटला की तोंड आणि कात्री एका तालात चालायला हवी. पण हा गडी "बारीक की मध्यम", "मान खाली" आणि "झालं" एवढ्या भांडवलावर दिवस काढायचा. गल्लीने त्याचं नाव मौनी पाडलं. पाडलं म्हणजे मीच पाडलं, पण गल्लीने उचललं. मग त्या दुकानात बोलायचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या जावयाने नोकरी सोडली, कोण केस काळे करून घेतो आणि जन्मजात आहेत म्हणून सांगतो, सगळं त्या बाकावरून प्रसारित व्हायचं.

दुकान कसं, तर कंपासपेटीसारखं लांबट. एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, आरशासमोर दोन खुर्च्या. समोरच्या भिंतीला बाक, आणि बाकाच्या वर टीव्ही आणि घड्याळ. आता खुर्चीत बसलेल्याला टीव्ही दिसणार तो आरशात. बाकावर बसलेल्याच्या तर तो डोक्यावरच, म्हणून त्यानेही बघायचं आरशात. आणि मौनी दिवसभर आरशाकडे तोंड करूनच उभा. थोडक्यात, त्या दुकानात टीव्हीकडे सरळ कोणी बघतच नसे.

घड्याळ मात्र मौनीने मुद्दाम शोधून आणलेलं. त्याचे आकडे उलटे छापलेले आणि काटेही उलटे फिरणारे, त्यामुळे आरशात वेळ अगदी सुलटी दिसायची. नवीन माणूस दारातून थेट घड्याळाकडे बघायचा आणि चक्रावायचा. मी लगेच विचारायचो, "काय साहेब, कालच्याच तारखेला आलात का?" टीव्हीला अशी सोय नव्हती. आरशात फुटबॉलवाले सगळे डाव्या पायाने मारायचे, पुढारी छातीच्या भलत्याच बाजूला हात ठेवायचे आणि खालची अक्षरं उलट्या मुंग्यांसारखी सरकायची. मी म्हणायचो, "आमच्या दुकानातल्या जगात सगळे डावखुरे." कोणाचं त्यात काही अडलं नाही. आवाज बंदच असायचा. टीव्ही आणि मी, दोघांपैकी एकालाच बोलू द्यायचं असं मौनीने ठरवलं होतं, आणि मी जिंकलो होतो.

दुसरी खुर्ची धाकट्याची. धाकटा म्हणजे मौनीचा सख्खा भाऊ. आईबाप लवकर गेले, मौनीने त्याला वाढवलं. फुग्यावर साबणाचा फेस लावून वस्तरा धरायला शिकवलं. फुगे फुटायचे, फेस तोंडावर उडायचा आणि मौनी हसायचा. त्या काळात तो हसायचा. धाकट्याच्या डोक्यात दोन भोवरे. तिथले केस मांजराच्या शेपटीसारखे उभे राहायचे. ते बसवायची युक्ती एकट्या मौनीला माहीत, म्हणून धाकट्याचे केस त्याने आयुष्यात दुसऱ्या कोणाला कापू दिले नाहीत.

दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं लोक म्हणतातच. धाकट्याचं लग्न झालं आणि त्याची बायको पहिल्यांदा डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा मी बाकावर टपूनच होतो. "सूनबाई," म्हटलं, "नवऱ्याच्या डोक्यात दोन भोवरे आहेत. लग्नाआधी कोणी सांगितलं होतं का?"

तिने डबा ठेवला, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "सांगितलं होतं. मी म्हटलं, चालेल. दुसरीही मीच."

बाकावरचे सगळे माझ्यावर हसले. मौनीसुद्धा. त्या दिवसापासून तिचं नाव धाकटी, आणि माझ्या यादीत 'हिच्या वाटेला जाऊ नये' या सदरात तिची नोंद.

पुढे कुठल्याशा दूरच्या बेटावरच्या हॉटेलात केस कापणारा हवा होता, तिथे धाकट्याला काम लागलं. धाकटीलाही त्याच हॉटेलात चादरी धुवायच्या खात्यात घेतलं. धाकट्याने भावाला विचारलं, जाऊ का. मौनी म्हणाला, "जा." एवढंच. पण ते गेल्यावर धाकट्याच्या खुर्चीवर त्याने घडी करून टॉवेल ठेवला, आणि दुकानात कितीही गर्दी झाली तरी त्या खुर्चीत कोणाला बसवलं नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी फोन यायचा. मौनी तो आरशाखालच्या फळीवर पावडरच्या डब्याला टेकवून ठेवायचा. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, जेवलास?" आणि मागून धाकटीचा आवाज, "दादांना म्हणावं, वहिनींनाही विचारा जेवल्या का. स्वतःच खात बसतात." तीही त्याला दादाच म्हणायची.

तर त्या बेटावर वादळ यायला निघालं.

आधी समुद्रात कुठेतरी होतं. टीव्हीवर लाल-पिवळं चक्र गरगरत होतं आणि आम्ही ते आरशात बघत होतो. मौनीला आता त्या बेटाचा आकार पाठ झाला होता. कुबड आलेल्या माशासारखं बेट, तोंड एकीकडे, शेपूट दुसरीकडे. मी म्हटलं, "अरे, याआधीही एक आलं होतं ना? लांबून सलाम करून गेलं. हेही जाईल. तुझ्या भावाचे केस कोणाचं ऐकत नाहीत, तिथे वादळाचं काय ऐकणार."  केस कापताना मौनीची नजर गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून सारखी वर जात होती.

मग त्या दुपारी फोन आला. खुर्चीत पाववाला होता, गालभर फेस लावलेला. मौनीचे हात साबणाचे, म्हणून त्याने कोपराने फोन स्पीकरवर टाकला. तिकडे पहाट असावी. वाऱ्याचा आवाज आधी आला, मग धाकट्याचा.

"दादा, इथली लाइट कालपासून गेलीय. रेडिओवर नुसती खरखर. कोणाला काही कळत नाहीये. तू बघतोयस ना टीव्ही?"

"बघतोय."

"हे गाव समुद्राला लागून आहे, हॉटेलवाल्यांनी सगळ्यांना निघायला सांगितलंय. बाहेर दोन ट्रक उभे आहेत. एक पूर्वेच्या टोकाला चाललाय, एक पश्चिमेच्या. ज्याचे पाहुणे जिकडे, तो तिकडे बसतोय. आपलं कोण आहे इथे? दोन्हीकडे शाळेतच उतरवणार आहेत. वादळ कुठल्या बाजूला बसणार, सांग. मी कुठल्या ट्रकात बसू?"

मागून धाकटी म्हणाली, "दादांना म्हणावं लवकर बघा, ट्रकवाला हॉर्न वाजवतोय."

मौनीने वस्तरा खाली ठेवला. आरशाच्या अगदी जवळ गेला, नाक टेकेल इतका. चक्राच्या पुढे एक पांढरी रेघ काढली होती, वादळ जाईल त्या वाटेची. तिच्यावर त्याने बोट ठेवलं, काचेवर साबणाचा ठिपका उमटला. मीही बघितलं. पाववाल्यानेही फेसासकट मान पुढे काढून बघितलं. रेघ माशाच्या उजव्या टोकावरून जात होती, त्यात काही शंकाच नव्हती.

"उजवीकडे," पाववाला म्हणाला.

उजवीकडे म्हणजे पूर्व. शाळेत गुरुजींनी पट्टी मारून शिकवलेलं, ते विसरतंय कोण.

"पूर्वेला बसणार," मौनी म्हणाला. "तुम्ही पश्चिमेला जा."

"नक्की ना?"

"बघतोय ना मी."

"बरं दादा. ठेवतो, बॅटरी संपत आलीय."

मौनीने पाववाल्याची दाढी पूर्ण केली. वस्तऱ्याचा हात हलका लागत होता. मला म्हणाला, "बरं झालं विचारलं त्याने." मौनीच्या मानाने ते भाषणच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर सगळं दिसायला लागलं. छपरं उडालेली घरं, मुळासकट आडवी झालेली झाडं, रस्त्यावर आलेली होडी. एका मोटारीवर दुसरी मोटार चढून बसलेली. मौनीने दुकानातल्या सगळ्यांना चहा मागवला, मलासुद्धा, आणि म्हणाला, "पूर्वेकडच्या लोकांचं फार वाईट झालं." कप हातात धरून आम्ही त्या अनोळखी लोकांसाठी चुकचुकलो. आपलं माणूस वाचलं की दुसऱ्यासाठी चुकचुकायला मन मोठं होतं, त्यातली गत.

तेवढ्यात वहिनी दारात आली. मौनीची बायको गिऱ्हाइकांच्या वेळेला दुकानात कधी येत नाही. घरी शिवणाचं मशीन चालवते आणि शेजारी टीव्ही, आवाज लावून. तशीच उठून आलेली, गळ्यात मोजायची टेप लटकत होती.

"पश्चिमेचा किनारा धुऊन गेला म्हणतायत," ती म्हणाली.

"पूर्वेचा," मौनी कात्री चालवत म्हणाला.

"अहो, कानांनी ऐकलंय मी."

"पूर्वेचा गं. बघतोय ना मी."

ती दारातच उभी होती. तिने भिंतीवरच्या टीव्हीकडे बघितलं. "मग हे काय? डावीकडचं टोक लाल केलंय की त्यांनी."

मौनीने आरशात बघितलं. उजवं टोक लाल होतं. मग त्याने मान वळवली.

इतकी वर्षं मी त्या बाकावर बसतोय, पण त्या माणसाला टीव्हीकडे तोंड करून उभं राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्याने टीव्ही बघितला, आरसा बघितला, पुन्हा टीव्ही. माझ्या डोक्याच्या वर तो बघत होता आणि मला वाटत होतं, माझ्याकडेच बघतोय. उलटं घड्याळ आपलं बरोबर वेळ दाखवत होतं. मी उठून त्याच्या हातातली कात्री काढून घेतली. खुर्चीतल्या माणसाचे केस एका बाजूने कापून झाले होते. त्याने स्वतःच कापड सोडलं, झटकलं, घडी घालून ठेवलं आणि तसाच निघून गेला. आवाज लावायला रिमोट शोधावा लागला, कारण तो कोणी वापरतच नसे. सापडला पावडरच्या डब्यामागे. आवाज एकदम मोठा आला, आणि त्याने वहिनी म्हणाली तेच सांगितलं.

नंतरचे दिवस फोन लावण्यात गेले. प्रत्येक वेळी तीच बाई गोड आवाजात सांगायची की संपर्क होऊ शकत नाही. मौनी तिचं पूर्ण ऐकून घ्यायचा. मध्येच तोडायचा नाही, जणू शेवटी ती आणखी काही सांगेल. मग एके सकाळी माझ्याकडून पाना मागून नेला आणि दोन्ही खुर्च्यांचे बोल्ट सोडून त्या फिरवून पुन्हा बसवल्या. आता खुर्च्यांचं तोंड टीव्हीकडे आणि पाठ आरशाला. माणसं स्वतःला न बघता केस कापून घ्यायला लागली. कोणाचा कल्ला एकीकडे वर, कोणाचा खाली. मी म्हटलं, "या दुकानात आता विश्वासावर केस कापतात." कोणी हसलं नाही. मी उठून माझ्या दुकानात गेलो आणि खरोखरच एक पंखा दुरुस्त केला.

टीव्हीवर आता माणसं दिसायची. पाण्याच्या बाटल्यांसाठी रांगा, मैदानात चादरी टाकून बसलेले लोक, हेलिकॉप्टरकडे वर बघणारी तोंडं. बाकीचं जग तोंडं बघत होतं. मौनी डोकी बघायचा. कात्री हवेत थांबवून स्वतःशी बोलायचा, "हा नाही. याची मान जाड आहे." "हा नाही, याला एकच भोवरा." गिऱ्हाईक गळ्याला कापड बांधून गुमान बसून राहायचं. घाई कोणी केली नाही. गल्ली तशी वाईट नाही. फक्त पाववाला यायचा बंद झाला. रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायचा, आणि दाढी वाढलेली. तेव्हा खुर्चीतून 'उजवीकडे' तोच म्हणाला होता ना.

वहिनीने मला एकदा जिन्यात गाठलं. "भाऊजी, यांना काहीतरी बोला. एरवी तुम्ही दगडाला हसवता."

"दगड असता तर हसवला असता, वहिनी," मी म्हटलं.

फोन आला तो भलत्याच नंबरवरून. मदत करणाऱ्यांपैकी कोणाचा तरी फोन असावा. मी बाकावर होतो, मौनी झाडू मारत होता.

"मी आहे," धाकटा म्हणाला.

 मौनीच्या हातातला झाडू केसांच्या ढिगात पडला.

"मी आहे. ती नाही." मागे गलका चालू होता. "शाळेची भिंत गेली. खिडकीचा गज धरून होतो आम्ही दोघं. सापडली ती, नंतर. ठेवतो, मागे रांग आहे."

"तू ये," मौनी म्हणाला. "तू घरी ये." फोन आधीच बंद झाला होता.

तो येईपर्यंत मौनीने खुर्च्या पुन्हा पहिल्यासारख्या केल्या. टीव्ही काढला आणि माझ्या दुकानात आणून ठेवला. "विकू?" मी विचारलं. नको म्हणाला. "वापरू?" तेही नको. अजून आहे माझ्याकडे, जुन्या कापडाखाली. भिंतीवर टीव्हीच्या जागी एक चौकोन राहिला, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. धाकट्याला सांगायचं कसं, हे मौनी मला विचारत होता. मला. मी आयुष्यात कुठली गोष्ट सांगताना विचार केलाय? तरी म्हटलं, "नको सांगू. त्याला काय कळतंय." तो म्हणाला, "मला कळतंय ना."

धाकटा आला तो कोणाच्या तरी ढगळ शर्टात, केस मानेवर आलेले. बरेच दिवस घरात भिंतीकडे तोंड करून झोपून होता. मग एका दुपारी दुकानात आला आणि आपल्या खुर्चीत बसला. टॉवेल उचलून मांडीवर घेतला. मौनीने कापड बांधलं, पाणी मारलं, कंगवा फिरवला. शहाण्या माणसाने त्या वेळी उठून जायला हवं होतं. मी नाही उठलो. जित्याची खोड.

धाकटा आरशात तो रिकामा चौकोन बघत होता.

"टीव्ही काढलास?"

"बिघडला," मौनी म्हणाला.

धाकट्याने आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "दुरुस्त नाही होणार?"

"नाही," मी म्हटलं. माझ्या धंद्यात हा शब्द मी गिऱ्हाइकाला कधी म्हणत नाही.

कात्री थोडा वेळ चालली.

"आरशात बघितलंस ना तू?" धाकटा म्हणाला.

कात्री थांबली. "हो."

"मला ट्रकात आठवलं. गाव सुटल्यावर." तो 'मान खाली' म्हणावं तशा आवाजात बोलत होता. "फोन तोवर बंद पडलेला. मी तिला म्हटलं, अगं, दादा आरशात बघतो सगळं. मीही त्या दुकानात आरशातच बघायचो. उतरू या का? तर म्हणाली, एवढ्या मोठ्या गोष्टीला दादा वळून बघणार नाहीत का? बसा गप."

मौनी आरशासमोर उभा होता, कंगवा धरून. आरशात दोघं भाऊ एकाखाली एक दिसत होते.

"मी वळलो नाही," तो म्हणाला.

"कळलं ते," धाकटा म्हणाला. आणि मान खाली घालून, "मागून बारीक कर."

मौनीने मागून बारीक केलं. शेवटी दोन भोवऱ्यांवर पाणी मारून, तळहाताने दाबून, नेहमीच्या युक्तीने ते केस बसवले. मी उलट्या घड्याळाकडे बघत बसलो. माझी ती दोन भोवऱ्यांची जुनी थट्टा त्या दुकानात अजून कुठेतरी पडलेली असणार, खुर्चीखाली, कोपऱ्यात. रोज झाडू लागतो, पण ती काही निघत नाही.

आता धाकटा पुन्हा आपल्या खुर्चीवर काम करतो. गल्लीत बोलतात की भावाभावांत अबोला आहे. ही अफवा माझी नाही, आणि ती खोटी आहे. बोलतात दोघं. "पाणी संपलंय," "ब्लेड आण," "वहिनीने जेवायला बोलावलंय," सगळं बोलतात. एकत्र जेवतात, एकत्र कुलूप लावतात. उलट मौनीच आता बडबड्या झालाय. हवा, भाव, कोणाचे केस किती गळले, दिवसभर काही ना काही चालू. नाव मात्र मौनीच राहिलंय, गल्ली एकदा उचललेलं नाव खाली ठेवत नाही. एकदा त्याने मला हळूच विचारलं, "तो मला आता दादा म्हणत नाही, तुझ्या लक्षात आलंय का?" गल्लीत कोणाच्या घरी काय शिजतं हे मला बाहेरून सांगता येतं, मग ते माझ्या लक्षात आलं नसेल का? मी म्हटलं, "अरे, कामाच्या घाईत."

कालचीच गोष्ट. धाकटा एका म्हाताऱ्याची दाढी करत होता. न बघताच त्याने हात मागे केला. "टॉवेल," म्हणाला.

मौनीने हातात टॉवेल दिला. दिल्यावर लगेच हात मागे घेतला नाही. टॉवेलचं एक टोक धरून तो तसाच उभा राहिला, पुढे आणखी एक शब्द यायचा असावा तसा. धाकट्याने टॉवेल हलकेच ओढून घेतला आणि म्हाताऱ्याचा गाल पुसला.

मौनी आपल्या खुर्चीकडे परत गेला. "हं, काय सांगत होतो मी," तो गिऱ्हाइकाला म्हणाला.